रावसाहेबांचे दगड

— नाही हो, ही गारगोटी आहे, साधी गारगोटी. आकाशातून वगैरे पडलेली नाही. फार तर फिशटँकमधून निघाली असेल, तळाला अजून शेवाळ आहे बघा. शेतात सापडली म्हणता? असेल. पण आकाशातून येणाऱ्या दगडांत गारगोटीचे असे स्फटिक जवळजवळ नसतातच, आणि हे तुमच्या वडिलांना मी इतक्यांदा सांगितलंय की एव्हाना तुम्हालाही पाठ असायला हवं. — दचकू नका. रावसाहेबांची राजनंदिनी ना तुम्ही? नाक तेच आहे. आणि हडपसरहून एवढ्या ट्रॅफिकमधून नारायण पेठेत कुणी गारगोटी दाखवायला येत नाही. वडील दर गुरुवारी लोणी काळभोरहून उठून इथे कुणाकडे येतात, ते बघायला येतं. बसा. बघा. मी सुरुची आगाशे, कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, आता रिटायर. लग्न केलं नाही — तेही विचारायचं असेल, म्हणून सांगून टाकते.

तर, पहिल्यांदा आले ते टॉवेलात दगड गुंडाळून. बाहेरून काळा, आत पोकळ, पोकळीभर लखलखते स्फटिक. त्यांना वाटलं, चंद्रावरचा. मी म्हटलं, आपल्याकडच्या काळ्या कातळात असल्या पोकळ्या हव्या तेवढ्या सापडतात, तुमच्या विहिरीतलाच आहे हा. दुसरा कुणी ओशाळला असता. हे म्हणाले, बरं, पुढच्या गुरुवारी दुसरा आणतो. आणि आणला की हो. मग तिसरा — तो तर लोखंडाच्या भट्टीतला मळ निघाला. मी दर वेळी खोडून काढायची, ते दर वेळी मन लावून ऐकायचे, इतकं मन लावून माझ्या विद्यार्थ्यांनी — जाऊ दे. तुमची आई गेल्यापासून घर खायला उठतं, असं म्हणाले होते. एकदाच म्हणाले, पुन्हा नाही.

मग एकदा कांद्याचं रान नांगरताना मुठीएवढा दगड मिळाला. साल काळी, वार्निश दिल्यासारखी, आत राखाडी. मी भिंग घेऊन बसले, चहा गार झाला. पातळ काप काढून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, उल्काच आहे, आणि आत ट्रिडिमाइट. म्हणजे द्रव्य गारगोटीचंच, सिलिका — पण कणांची मांडणी निराळी, कारण ती झाली कुठल्याशा लघुग्रहावरच्या लाव्ह्यात, उष्णता भयंकर आणि दाब जेमतेम. रावसाहेबांनी विचारलं, म्हणजे गारगोटीच, पण परक्या घरी वाढलेली? मी म्हटलं, परीक्षेत याचे अर्धे मार्क देईन. खूश झाले अर्ध्यांवर.

दगड रीतसर सरकारकडे गेला, आणि मला वाटलं, संपलं. आता कशाला येतील? पुढच्या गुरुवारी मी आपली खिडकीशी उभी — उजेड चांगला असतो तिथे, म्हणून. बेल वाजली. दारात रावसाहेब, हात मोकळे. मी विचारलं, "दगड?"

"आज न्हाई. आज नुसता आलोय."

तेव्हापासून नुसतेच येतात. गेल्या गुरुवारी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, पुढचं आयुष्य बरोबर काढायचं का. या वयात. मी सांगितलं, आधी मुलीला विचारा, तिचं कळल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. विचारतो म्हणाले, आणि तुम्ही आलात तशी मी समजले, हिने ऐकलंय, म्हणून बघायला आलीय — सांगितलं ना त्यांनी? — नाही? — काहीच नाही?

अगं बाई.

मग हे सगळं मी — अहो, रडताय की हसताय, नक्की काय ते ठरवा. मी काही मागे लागले नव्हते त्यांच्या. म्हणजे गुरुवारी साडी जरा बरी नेसते, तेवढंच. — कुणाला लावताय फोन? नको, माझ्याकडे देऊ नका — हॅलो. हो, मीच. तुमची मुलगी समोर बसलीय. — हो, सांगून बसले, तुम्ही सांगणार होतात ते. — तिचं? मान हलवतेय. — होकाराचीच. — हो. — हो म्हटलं ना, रावसाहेब, आणखी किती मोठ्याने म्हणू, पेठेत राहते मी. ठेवते.

घ्या तुमचा फोन. आणि नीघ आता, गर्दी वाढायच्या आत. — नाही, चहा वगैरे काही नाही. नीघ बाई. मला जरा एकटीला बसू दे.