बिनसाखरेचं आइस्क्रीम

(दुपारचं स्वयंपाकघर. सून फ्रीजरमधले डबे सिंकमध्ये उपडे करते आहे. कालच दवाखान्यातून घरी आलेले सासरे दारात खुर्ची ओढून बसले आहेत.)

सासरे : अगं, खायची वस्तू अशी ओतून देऊ नये. शेजारी दे की.

सून : बाबा, तुम्ही आत जाऊन पडा. मला हे आवरू द्या.

सासरे : पडून पडून पाठीची फळी झाली.

सून : ती कुणामुळे? केळी मीच आणली, मीच चकत्या करून गोठवल्या, मीच मिक्सरमधून काढल्या. वर गोडीला खजूर. साखर नाही, साय नाही म्हणून चारचौघींत मिरवत होते. तुमची किडनी अधू आहे हे ठाऊक असून, केळं चालेल का एवढं साधं विचारावंसं वाटलं नाही मला.

सासरे : तुझा सगळा जीव त्या साखरेत अडकला होता. तुला काय ठाऊक?

सून : आणि इकडे केळ्या-खजुरातलं पोटॅशियम रक्तात साठून तुमचं हृदय अडखळायला लागलं. दवाखान्यात नेताना गाडीत तुमचा हात धरून बसले होते ना, तेव्हाही माझ्या बोटांना केळ्याचा वास येत होता. अजून येतो. कितीदा धुतले हात.

सासरे : पुरे गं आता. झालं गेलं गंगेला मिळालं.

सून : कसलं मिळालं? तुम्ही तुमच्या मुलाला सांगितलंत, कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून गुपचूप केळी आणून खात होतो म्हणून. त्याने सगळ्या वॉर्डादेखत तुम्हाला झापलं. आणि मी शेजारी उभी राहून उशी सारखी करत होते. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

सासरे : मीच खूण केली होती तुला, गप्प राहा म्हणून.

सून : तुम्ही केलीत खरी, पण मला ती हवीच होती, बाबा. तेच खातंय मला. आज तो कामावरून आला की सांगून टाकणार आहे.

सासरे : नको सांगूस.

सून : का?

सासरे : मग मलाही सांगावं लागेल.

सून : तुम्हाला काय सांगायचंय?

सासरे : तो डबा आधी खाली ठेव. मागच्या तपासणीला तू औषधं आणायला खाली गेली होतीस, आठवतं? तेवढ्यात त्या आहारवाल्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, आजोबा, केळं बंद, खजूर बंद. दोनदा बजावून गेल्या.

सून : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

सासरे : होतं.

सून : आणि तरी रोज वाटी चाटूनपुसून परत देत होतात?

सासरे : तू या घरात आल्यापासून तुझ्या हातच्या एका तरी पदार्थाला मी बरं म्हटलंय?

सून : नाही. मीठ कमी, नाहीतर मीठ जास्त. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

सासरे : माझ्या जिभेला हाड नाही. पण तपासणीच्या आदल्या दिवशी ती पहिली वाटी दिलीस आणि माझ्या तोंडून निघून गेलं, फक्कड झालंय. तू ओट्याकडे तोंड फिरवलंस आणि बाहीने डोळे पुसलेस. मी बघितलं ते. दुसऱ्या दिवशी तपासणीहून आलो, तर तू पुन्हा वाटी भरून उभी. कुठल्या तोंडाने नको म्हणणार? इतक्या वर्षांत एक चांगला शब्द दिला होता, तोही परत घेऊ? म्हटलं, आज खाऊ, उद्या सांगू. ते उद्यावरच राहिलं.

सून : तुम्हाला काही झालं असतं तर मी जन्मभर स्वतःला गुन्हेगार समजले असते. माझ्या हातून सासरा गेला म्हणून. हा विचार केलात?

सासरे : तेव्हा नाही केला. दवाखान्यात केला. तू तीच उशी पुन्हापुन्हा सारखी करत होतीस. फार लाज वाटली मला. म्हणून तर पोराची बोलणी मुकाट ऐकून घेतली.

सून : तुमच्याच वाट्याची होती तर ती.

सासरे : निम्मी तरी होती.

सून : मग आज दोघांनी मिळून सांगायचं. आधी मी, मग तुम्ही.

सासरे : बरं. भडकेल तो.

सून : भडकू दे. हे घ्या.

सासरे : आता हे काय?

सून : सफरचंद शिजवून, गाळून गोठवलंय. आहारवाल्या बाईंना फोन करून विचारलंय. एवढीच वाटी, आणि तीही तुम्हाला दिवसभरात मोजून दिलेल्या पाण्यात धरायची. खा, आणि या खेपेला खरं सांगा. कसं झालंय?

सासरे : खरं सांगू?

सून : खरंच सांगा.

सासरे : पांचट आहे. नुसता बर्फ लागतोय दाताला.

सून : बरं. उद्या परत करून बघते.