बांडीचं दूध

टँकरवाला : लावू ना नळी, वहिनी? पुढचे गोठे खोळंबलेत.

धाकटी : थांबा भाऊ, नळी लावू नका. ताई, बांडीचं दूध टाकीत गेलंय.

थोरली : जाईल कसं? कास सुजली म्हणून तिला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत. लाल पट्टी मीच बांधली होती पायाला. पट्टीवालीचं दूध बादलीत काढून ओतून द्यायचं, एवढंच तर सांगितलं होतं तुला.

धाकटी : पट्टी शेणानं माखली होती. म्हटलं, धुऊन लगेच बांधू. धुतली, वाळत घातली आणि हात आपले सवयीनं चालत राहिले. शेवटच्या गाईला मशीन लावताना आठवलं.

थोरली : गोठ्यातली पट्टी धुणारी तूच एक असशील बाई.

टँकरवाला : मी काय म्हणतो, एवढ्या टाकीत एका गाईचं दूध म्हणजे दर्यात खसखस. कुणाला कळतंय?

थोरली : डेअरीत तपासतात की. सापडलं तर अख्खा टँकर ओततील. त्यात शेजारपाजारच्यांचं दूध आहे, त्यांनी काय पाप केलंय?

टँकरवाला : एखाद्या दिवशी निसटतंही.

धाकटी : निसटलं तर कुणाच्या पोटात जाईल, सांगता येतं का? त्या औषधानं माझ्या भाचीच्या अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो. तिच्यासारखी अजून किती लेकरं असतील.

थोरली : तू बोलली नसतीस तर मला पत्ताही लागला नसता.

धाकटी : माहीत आहे. ओली पट्टी परत बांधली की झालं, असं मनात आलंही होतं. खोटं कशाला बोलू?

थोरली : मग आता नळ उघड. तूच उघड.

(टाकीखालचा नळ उघडतो. दूध शेणखड्ड्याकडे वाहत राहतं.)

टँकरवाला : इतकी वर्षं दूध नेतोय, पण नळी लावायच्या आधी मला कुणी अडवलं नव्हतं. मघाचं माझं बोलणं मनावर घेऊ नका. येतो मी.

थोरली : या. आणि आज आमचं दूध का नाही ते डेअरीत खरं सांगा, लपवू नका.

धाकटी : ताई, घरात काय सांगायचं? दादा चिडतील.

थोरली : ह्यांना मी बघते. आदळआपट करतील, मग चहा मागतील. चूक काय, कुणाच्याही हातून होते गं. पण समोर भरली टाकी, बघायला कुणी नाही आणि तरी आपणहून तोंड उघडायचं, हे माझ्याच्यानं झालं असतं का, देव जाणे.

धाकटी : उद्यापासून मी धारांना येऊ नको ना?

थोरली : उद्याच्या धारा तू एकटीनं काढ. या घरात आल्यापासून मी एकदाही उजाडेपर्यंत झोपले नाही. उद्या झोपेन म्हणते.