माझ्याच मांडीखाली दम सोडणारी गाडी

विषय : मोटारसायकलचा दम मध्येच सुटणे, व तो फक्त माझ्याच मांडीखाली सुटणे, याबाबत.
संदर्भ : एक मेची मिरवणूक, आणि शेजारी राहणारे श्री. सुकदेव.

तर महोदय… नाही, तुम्ही महोदय कसले, तुम्ही आपलीच माणसं, पण एकतीस वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावी कारखान्यात आवक-जावकचं टेबल सांभाळलं, तोंड उघडलं की आधी विषय आणि संदर्भच बाहेर पडतो, त्याला इलाज नाही… तर मला एवढंच सांगा, गाडी माझी, पेट्रोल माझं, पुसायचं फडकंसुद्धा माझ्या जुन्या बनियनचं, आणि टाळ्या कुणाला? सुकदेवला! हेवा नाही हो. मी फक्त नोंद घेतो.

गाडी शहात्तर सालची. खरं म्हणजे सासऱ्यांची. अकरा वर्षांपूर्वी अमळनेरहून टेम्पोत घालून इथे सुरतेत, नवागामला आणली तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली होती, आणि आवाज काय तिचा, तुम्हाला सांगतो, गाडी कोपऱ्यावर वळली की घरातले पितळी डबे फळीवर थरथरतात, चहाचं आधण ठेवायला वेगळा निरोप लागत नाही! पण दीड-एक वर्षापासून तिने एक खोड काढली. घरून निघते ती वाघीण. तीन किलोमीटर वाघीण. आणि दिंडोलीच्या पुलाचा चढ लागला की… फुर्र… फुर्र… कुणी नरडं धरावं तशी! मी मूठ पिळतोय, धुणं पिळावं तशी पिळतोय, गाडी मागे मागे, आणि पाठीमागून रिक्षावाला ओरडतोय, "ओ काका, साइड में लो ना!" साइडला घ्या, घाम पुसा, दहा मिनिटं तोंड पाडून बसा, आणि किक मारली की पुन्हा वाघीण! आता हे दुखणं दाखवायचं कुणाला? डॉक्टरच्या दारात गेलं की ज्वर उतरलेला!

तरी नेली. उधन्याला जयंतीभाई मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून फुंकलं, कॉइल बदलली, पेट्रोलची नळी बदलली, बदलायला मीच तेवढा उरलो. मग स्वतः चक्कर मारायला बसले, बसण्याआधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, आणि गेले ते थेट पूल ओलांडून परत आले. म्हणतात, "काका, गाडीमां कंई नथी. घोडो छे, घोडो!" आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू बिघाड सीटवर बसतो, सीटखाली नाही.

इथवर ठीक. पण एके दिवशी आमच्या हिला, पुष्पाबाईला, डोळे तपासायला उधन्याला जायचं. मी म्हटलं, पुलावर शोभा होईल, रिक्षाने जाऊ. तेवढ्यात शेजारून सुकदेव. लूमवर जॉबर होता, बिघडलेले माग लावण्यात चाळीस वर्षं गेली, आता माझ्यासारखाच घरी. "द्या चावी आप्पा, मी सोडून येतो वहिनींना." दिली. जाताना पूल, येताना पूल. एकदाही गाडी ठसकली नाही! आणि ही उतरता उतरता काय म्हणाली? "तुमना हातले यश नही. सुकदेवभाऊना हातले शे." बेचाळीस वर्षांचा संसार आणि यश कुणाच्या हाताला? हेवा नाही हो. नोंद.

आता मुख्य मुद्दा. एक मेला आमचं मंडळ नवागामपासून उधन्यापर्यंत मिरवणूक काढतं, आणि यंदा ठरलं की सगळ्यात पुढे ही जुनी मोटारसायकल, तिला झेंडा. मी मार्चमध्येच अर्ज टाकला, दोन प्रतींत : गाडी अर्जदाराची असल्याने चालकही अर्जदारच असावा. अध्यक्ष वाल्मिक. माझ्या मांडीवर खेळलेला पोरगा. म्हणतो, "आप्पा, गाडी तुमचीच पुढे राहील, वट आहे तिची. फक्त चालवतील सुकदेवभाऊ. पुलावर बंद पडली तर अर्धं सुरत मोबाइल काढून उभं राहील." म्हणजे काय? घोडी तुमची, वरात तुमची, घोडीवर तेवढा शेजारचा बसेल!

मग मी ठरवलं, या माणसाचं गुपित काढायचं. एके दिवशी त्याच्या मागे बसलो. स्वतःच्या गाडीवर, पाहुण्यासारखा! तर हा माणूस काय करतो? पानाच्या टपरीवर थांबला, टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, लावलं. मारुतीच्या देवळापाशी थांबला, झाकण. पुलाच्या अलीकडे सिग्नल, झाकण! आणि दर वेळी झाकण फिरलं की आतून… फस्स… कुणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा. मी विचारलं, "काय बघतोस रे एवढं?" तर म्हणतो, "काही नाही आप्पा, सवय. लूम थांबला की तेलाच्या भोकात बघायचंच, नाहीतर शेठ ओरडायचा. आता काहीही थांबलं की मी बघतो."

आणि मी? मी एक तारखेला टाकी काठोकाठ भरतो, झाकण पक्कं आवळतो, आणि महिनाभर त्याला हात लावत नाही. शिस्त!

घरी आलो, चष्म्यावर भिंग धरलं. झाकणाच्या मधोमध एक भोक असतं, तिळाहून बारीक, आत हवा जायला. पेट्रोल खाली उतरतं तशी हवा आत शिरली पाहिजे, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. आणि आमच्या झाकणाच्या मधोमध काय होतं? सातिया! दर दसऱ्याला पुष्पाबाई तेलात कुंकू कालवून झाकणावर सातिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, काढते, आणि पूजेचं पुसायचं नसतं म्हणून दसऱ्यावर दसरा, कुंकवावर कुंकू, असे अकरा थर. लिंपलं की हो ते भोक! हा गडी सवयीने झाकण उघडायचा, तिला श्वास मिळायचा. यश हाताला नव्हतं, झाकणाला होतं! मी सुई घेऊन बसलो…

"काय करी ऱ्हायनात? मना बापनी गाडीना सातियावर सुई?"

झालं. मी हवेचा दाब समजावला, आकृती काढून समजावला. ती म्हणाली, "सातियामुळे तर गाडी टिकनी."

धावत वाल्मिककडे गेलो, सगळं सांगितलं. पोरगा हुशार, लगेच म्हणाला, "मग सोपं आहे आप्पा! दर थांब्याला सुकदेवभाऊंसारखं झाकण उघडायचं. चालवा तुम्हीच!"

ऐकलंत? मंजूर! मार्चपासूनचा अर्ज उभ्या उभ्या मंजूर! आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो… अजून ते शब्द कानात आहेत… "सुकदेवसारखं? मी? मी कुणाची नक्कल करत नसतो."

झाली मिरवणूक. सुकदेव पुढे, फेटा बांधून, झेंडा फडफडतोय. मी मागे चालत, हातात पाण्याची बाटली, त्याच्यासाठी. पुलाच्या तोंडाशी तो थांबला, झाकण उघडलं, आत डोकावला. फस्स. ते एवढ्या गर्दीत एकट्या मला ऐकू आलं. मग गाडी चढावर अशी गेली की लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात कोण वाजवत होतं? नाव घेत नाही, उखाणा नाही हा. हेवा नाही हो… नोंद, नोंद!

दोन मे रोजी मी सौ. पुष्पाबाई यांच्याकडे लेखी अर्ज केला आहे : सातिया दोन बोटं डावीकडे सरकवण्यास परवानगी मिळावी. तिने तो नव्या चष्म्यातून नीट वाचला, लोणच्याच्या बरणीखाली ठेवला, आणि दसऱ्याला बघू म्हणाली. तोवर उधन्याला जायचं झालं तर मी सुकदेवच्या मागे बसतो. अर्ज प्रलंबित आहे.