बेटावरची कवळी

नूतन: भाऊजी, आधी पाय धुऊन या. चिखल पार किचनपर्यंत आलाय.

भरत: धुतो, वहिनी. आधी हिच्यापुढं ताट ठेवा. फोनवर मला म्हनली, कवळीची भाजी आण, त्याबिगर माझ्या तोंडात घास जायाचा न्हाई. होडी मागून घेतली, धरणाच्या पाण्यातनं बेटावर गेलो, घसरून पडलो, मोबाईल पाण्यात गेला, तळेघरची एष्टी चुकली. तरी आणली. आता ही भित्तीकडं तोंड करून निजलीय.

साळुबाई: निजले न्हाई. ऐकतीय.

नूतन: आई, टायफॉइड कधीच उतरला. डॉक्टर म्हणाले, आता जेवण हेच औषध. मुगाची खिचडी केली, नको. पेज केली, नको. नाचणीची आंबील केली, ती तशीच राहिली. आता तुमचा लेक एवढ्या लांबून भाजी घेऊन आला, मी डाळ घालून शिजवली, तर तीही नको. मी करू तरी काय?

साळुबाई: डाळ कुणी घालाया सांगितली व्हती?

भरत: आये, डाळीवर जाऊ नको. खा.

साळुबाई: देवीपुढं ठिवली का?

भरत: ठिवली.

साळुबाई: कुणी?

भरत: मीच. दुसरं कोण व्हतं तिथं?

साळुबाई: गडीमाणसानं निवद दावला. बरं. कशावर दावला?

भरत: पानावर.

साळुबाई: कशाच्या?

भरत: हाताला आलं त्या पानावर. पाऊस व्हता, कोण बघत बसतंय.

साळुबाई: आन भाजी शिजवली कुठं? होडीत?

नूतन: खरंच की. भाजी तर तुम्ही कच्चीच आणलीत, मातीसकट.

भरत: वहिनी, तुमी कुणाच्या बाजूनं हायसा?

नूतन: मी कुणाच्याच बाजूनं नाही. एका भाजीवरून एवढं काय असतं, तेच मला कळत नाही. मी लग्न होऊन आले ती घोडेगावात. मला हे कुणी कधी नीट सांगितलंच नाही.

भरत: आमचं जुनं गाव धरणात गेलं, पण देवी टेकडीवर व्हती, ती ऱ्हायली. पाणी चढलं की त्या टेकडीचं बेट व्हतं. पावसाळ्यात रानात पयली उगवती ती कवळी. ती शिजवून देवीला दावायची, मंगच वाडीनं खायची. तवर कुर्डू न्हाई, भारंगी न्हाई, रानातलं हिरवं पानसुद्धा तोंडात घालायचं न्हाई. आन निवद दावायचा मान आमच्या घरातल्या बाईचा. म्हंजे हिचा.

नूतन: आणि यंदा या इथं.

भरत: तेच तर. समदी वाडी थांबलीय. गेणभाऊ रोज दारावरनं जाताना इचारतो, भरत, बटाटं खाऊन जीव विटला, म्हातारी कवा येती? दाराम्होरं भारंगी माजलीय आन आमी बाजारातनं कोबी आणतोय. माणसानं चिडावं तरी कुणावर?

साळुबाई: माझ्यावर चिड. चिडलायसच की.

भरत: चिडलोय. लई चिडलोय. कवळी जून व्हत चाललीय. आता झाडाच्या सावलीतली तेवढी कोवळी गावती, फुडल्या आठवड्यात खाल्ली तर सुतळी चघळल्यावानी लागंल. तुला येता येत न्हाई ना, मंग मान दुसऱ्या कुणाला दे. रत्ना हाय की घरात.

साळुबाई: रत्ना.

भरत: माझी बायकू. तुझी सून.

साळुबाई: निवद अळणी असतो. पयल्या साली तिनं त्यात मीठ घातलं. वर बोटानं चव घेतली. देवीच्या आदी.

भरत: ती जुन्नरकडची, कांद्या-द्राक्षाच्या गावातली, नवी नवरी. तिला काय ठावं? आमचा शौर्य आता कालिजात जातोय, तरी तुझ्या तोंडातनं ते मीठ जाईना.

साळुबाई: तवा रागावले व्हते. आता राग न्हाई.

भरत: मंग अडतंय कुठं?

साळुबाई: माझ्या सासूनं मान मला दिला. फुडच्या पावसाळ्याला ती नव्हती.

(किचनमध्ये कुकरची शिट्टी होते.)

नूतन: आई, काहीतरीच काय मनात आणता.

साळुबाई: आणत न्हाई, येतं. मला भ्या वाटतं, नूतन. तू करतीस, तुझ्यात खोट न्हाई. पर हितं पडल्या पडल्या वाटतं, मान माझ्याकडं हाय तवर कुणीतरी मला न्यायाला यील. तो देऊन टाकला की म्हातारीचं कुणाला काय काम?

भरत: मंग असं सरळ बोलायचं ना, आये. भाजी कशापायी मागितली?

साळुबाई: तू यावास म्हणून.

भरत: नुसतं ये म्हनली असतीस तरी आलो असतो. मोबाईल तरी वाचला असता.

नूतन: भाऊजी, पुरे.

भरत: पुरे काय, वहिनी? तिकडं गेणभाऊ, हिकडं ही, आन मधी मी. कुणाला काय सांगू?

साळुबाई: लाव फोन रत्नाला. देते मान. माझ्यापायी वाडीनं किती दिस कोबी खायचा?

नूतन: थांबा, माझ्या फोनवरून लावते. हं, स्पीकरवर टाकलाय.

रत्ना: हॅलो, ताई, हे पोचलं का? ह्यांचा फोनच लागंना.

भरत: पोचलो. फोन धरणात पोचला. आता आई काय म्हनती ते ऐक.

साळुबाई: रत्ना, उद्या शेजारच्या अंबाबाईला संगं घे आन बेटावर जा. निवद तू दाव. मान तुला दिला.

रत्ना: मी न्हाई जायाची, आत्या.

भरत: अगं ए, तिला हो म्हणवता म्हणवता माझा जीव गेला, आन तू न्हाई म्हनतीस?

रत्ना: तुमी जरा गप ऱ्हावा. आत्या, त्या साली तुमी मला चुलीम्होरनं उठिवलं. तवापासनं दर पावसाळ्याला मी लांब बसून बघते. पान कसं मांडता, भाकरी कुठल्या बाजूला ठिवता, समदं पाठ झालंय. म्हणाल तवा करंन. पर तुमी म्होरं बसा, मंग करंन. असं फोनवर न्हाई.

साळुबाई: अगं, भाजी जून व्हईल.

रत्ना: जून झाली तर जून खाऊ. अंबाबाई बी तेच म्हनती. गेणभाऊच तेवढे कुरकुरत्यात, त्यांना मी अजून चार बटाटं उकडून देते.

भरत: म्हंजे मी आलो तसाच परत जाऊ?

रत्ना: जावा की. पर आत्या, होडीत चढाया पायात जोर लागतो. तुमी जेवता का न्हाई तिथं?

साळुबाई: हे काय, बसलेच व्हते जेवाया.