सील न फोडलेली रेकॉर्ड

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोन म्हातारे रॉक संगीतवाले नंबर लावून बसले होते.

"मागच्या तपासणीत म्हणाले, डावा कान गेलाय. उजवाही फार टिकायचा नाही."

"मग आता तरी ती रेकॉर्ड ऐक, बाबा!"

"पहिलं प्रेसिंग आहे ते, पहिल्याच खेपेची प्रत! सील फोडलं की संपलं सगळं."

"लग्नाआधीपासून कपाटात आहे. एकदा तरी ऐकलीस?"

"ऐकायला दुसरी प्रत आहे की."

"तिला तर डबडं म्हणतोस!"

"डबडंच आहे. स्टिरिओ आहे ती."

"आणि सीलवाली?"

"अस्सल मोनो."

"म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. मग तुला एक कान पुरेल की, गाढवा!"

"...हो रे."

"चल घरी."

"चल. पण सील तू फोड. मी भिंतीकडे तोंड करून बसतो."