सात आज्यांची हजेरी

पाथर्डी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“भिमामावशी, पिशवी घेऊन कुठं निघालीस?”

“ऊसतोडीच्या फडावर, रजिया. पोरं परत आनायला.”

“मधीच? का गं?”

“हायस्कुलात सायब आल्ता, पोरं मोजायला. तेबी दिवाळी झाल्यावर! निम्मा गाव तोडीला गेलेला. अख्ख्या शाळेत नऊ डोकी. म्हनला, शाळा बंद, पोरं दुसऱ्या गावाला धाडा.”

“अन तुमी ऐकून घेतलं?”

“आमी सातजनी म्हाताऱ्या रिकाम्या बाकांवर जाऊन बसलो. म्हनलं, घे हजेरी! त्यानं पोराचं नाव घेतलं की त्याची आजी उभी राहायची. सांगायची, माझा नातू अमक्या फडावर हाय, चैतात येतोय, लिव्ह.”

“या अल्ला! लिव्हलं का मग?”

“कुठलं! म्हनला, डोळ्याम्होरं असंल तेवढाच धरनार. सोमवारी येतो, कुलूप घेऊन.”

“सोमवार तर परवा हाय, मावशी.”

“म्हनून तर निघाले. सात घरची एकोनीस पोरं हायेत.”

“अन ठेवनार कुठं? तुमा सातजनींची तर एकेकच खोली.”

“शाळेतच निजवनार. भाकरी आमी सातजनी थापू.”

“थांब, मी बी येते. मी त्याच शाळेत दहावी झाले. एकोनीस पोरं तुला एकटीला आवरायची न्हाईत. पन सायबानं खरंच कुलूप आनलं तर?”

“लाव म्हनावं. पोरं आत हायेत.”