सायकलच्या ब्रेकनं काढलेला फोटो

मंडळी, लग्नात माइक हातात आला की मी सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज युनूसभाईंच्या शोकसभेत तो धरवत नाहीये.

माझ्या स्टुडिओत दारासमोर खवल्या मांजराचा फोटो आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्याला किती रात्री लागल्या? युनूसभाईंच्या बारा आणि माझी एक.

दिवसभर पंक्चर काढून हा माणूस रात्री नांदूरघाटच्या डोंगरात वारुळं बघत फिरायचा. मुंग्या खायला खवल्या मांजरानं कुठलं ताजं उकरलंय, एवढंच बघायचा. बाराव्या रात्री मला नेलं. जनावर लई लाजरं, माणूस जवळ दिसला की परत फिरतं. म्हणून युनूसभाईंनी सायकलच्या ब्रेकची लांब तार कॅमेऱ्याच्या बटणाला जोडली. मी म्हणालो, "युनूसभाई, कॅमेरा हाय, सायकल न्हाई."

"शेठ, ब्रेकनं सायकल थांबती. जनावर बी थांबंल."

फोटो निघाला. खाली नाव माझं. लोक विचारायचे, एवढ्या अंधारात कळलं कसं? मी सांगायचो, "कानानं. वाळल्या पानांवर खवले घासले, अन् मी ब्रेक दाबला." एकदा हे सांगताना युनूसभाई दारातच उभे. वाटलं, आता बोलणार. ते हसले. म्हणाले, "शेठचे कान लई तिखट हायत."

जाताना हळूच म्हणाले, "एक फोटू द्या की. पोरीला खरं वाटंना."

"देऊ की, कावून घाई करता?"

तीन वर्षं मी देऊ देऊ करत राहिलो. का दिला नाही? फोटो त्यांच्या घरात लागला असता, तर कुणी काढला हे आपल्या युसूफ वडगावात गावभर झालं असतं. भ्यालो मी.

शबाना, बाळ, तुझ्या अब्बांनी तुला खोटं सांगितलं नव्हतं. हा घे फोटो. माझं नाव काढलंय, त्यांचं टाकलंय. स्टुडिओतल्या फोटोवरही. भाभी, उशीर झाला. त्यांच्या हातात द्यायचा होता.

आता सगळे उभे राहूया. ब्रेक हातात धरून ते वारुळासमोर जसे बसले होते, तसे दोन मिनिटं, न हलता.

मला तेवढंही जमलं नव्हतं. मी शेजारी झोपलो होतो. फ्लॅश पडला तरी जाग आली नाही. खवल्या मांजर मी आजवर पाहिलेलं नाही.